मालकी जपानकडे, उंट इथेच

कळंबोलीचा लोखंड बाजार मागे टाकून तळोजा एमआयडीसीत शिरलं की दोन्ही बाजूंना रसायनांचे, औषधांचे, धातूंचे कारखाने लागतात आणि रस्ताभर टँकर नि कंटेनरची ये-जा असते. नवी मुंबईच्या या टोकाला असलेल्या एका कारखान्याचा माल मात्र बहुतेक मराठी घरांतल्या दप्तरात कधी ना कधी येऊन गेलेला आहे. हा कारखाना कॅम्लिनचा. आज कंपनीचं नाव ‘कोकुयो कॅम्लिन’ आहे.

2011 साली जपानच्या कोकुयोनं कॅम्लिनचा 50.3 टक्के हिस्सा सुमारे 366 कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. कंपनीचे संस्थापक दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 साली भावाच्या साथीनं गिरगावात ‘हॉर्स ब्रँड’ नावानं शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली होती. वडी पाण्यात विरघळवायची, दौत भरायची, टाक बुडवायचा नि लिहायचं. दिवस स्वदेशीचे होते आणि चांगली शाई विलायतेहून यायची. फाउंटन पेन रुळलं, तशी ‘कॅमल’ शाई आली. इराण्याच्या हॉटेलात चहा घेताना दांडेकरांना उंटाचं चित्र असलेली जाहिरात दिसली आणि पाण्याशिवाय लांबचा पल्ला गाठणारा हा प्राणी त्यांच्या मनात भरला, अशी कथा सांगतात.

शाईवरून कंपनी रंगांकडे वळली ती पुढच्या पिढीत. सुभाष दांडेकर ग्लासगोला जाऊन रंगांचं रसायनशास्त्र शिकून आले आणि साठच्या दशकात चित्रकारांसाठीचे रंग इथेच बनू लागले. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. जलरंगासाठी रंगद्रव्याची पूड डिंकाच्या पाण्यात कालवतात, ओलावा टिकावा म्हणून ग्लिसरीनसारखं काही घालतात आणि ते मिश्रण जवळजवळ बसवलेल्या, वेगवेगळ्या गतीनं फिरणाऱ्या रुळांमधून घोटून काढतात. घोटणं कमी पडलं तर कागदावर कण उठतात. डिंक जास्त झाला तर वाळलेल्या रंगाला भेगा पडतात. शिवाय या वर्षी घेतलेला निळा पुढच्या वर्षीच्या ट्यूबमध्येही तोच निघाला पाहिजे, नाहीतर अर्धवट राहिलेलं आकाश मुलानं पुरं कसं करायचं? ब्रँडचा वारसा म्हणतात त्याचा मोठा भाग हा असा असतो आणि मालक बदलला की पहिली कसोटी त्याचीच लागते.

कोकुयोला हे नवं नव्हतं. झेंतारो कुरोदा यांनी 1905 साली ओसाकात जमाखर्चाच्या वह्यांची पुठ्ठ्याची वेष्टणं बनवायला घेतली, तिथून ही कंपनी वाढली. 1975 साली आलेली तिची ‘कॅम्पस’ वही जपानी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरली. एका घराण्याची सुरुवात वहीपासून, दुसऱ्याची शाईपासून. हा सौदा दोन कुटुंबांच्या धंद्यांमधला होता, आणि पुढे जे टिकलं त्याचं बरंचसं श्रेय मला यालाच द्यावंसं वाटतं.

कोकुयोनं आपलं नाव पुढे लावलं, पण कॅम्लिन पुसलं नाही. रंगांच्या पेट्यांवर ‘कॅमल’ आणि त्याचा उंट राहिला. अध्यक्षपदी दिलीप दांडेकर राहिले आणि श्रीराम दांडेकरही कारभारात होते. पुढे कोकुयोचा हिस्सा जवळपास तीन-चतुर्थांशावर गेला, तरी काम इथून हललं नाही. उलट रायगड जिल्ह्यातच पाताळगंगेला नवा मोठा कारखाना उभा राहिला. जुना ब्रँड विकत घेऊन नाव तेवढं ठेवायचं आणि माल दुसरीकडून आणायचा, हा मार्ग कितीतरी कंपन्यांनी धरला आहे. तो इथे धरला गेला नाही, ही मोलाची गोष्ट आहे.

अमेरिकेतलं एक उदाहरण याच्या शेजारी ठेवण्याजोगं आहे. ओरेगन राज्यातल्या स्वीट होम या छोट्या गावात 1950 पासून मेटल डिटेक्टर बनवणारी व्हाइट्स इलेक्ट्रॉनिक्स 2020 साली बंद पडली. तिचे हक्क टेक्सासच्या गॅरेट या स्पर्धक कंपनीनं घेतले आणि सोनं शोधणाऱ्यांचं आवडतं ‘गोल्डमास्टर’ यंत्र त्याच नावानं पुन्हा बाजारात आणलं. यंत्र वाचलं, जाणकारांना आनंद झाला. पण स्वीट होमचा कारखाना गेला तो गेलाच. तळोजा आणि पाताळगंगेचं महत्त्व अशा वेळी जास्त कळतं.

पण कॅम्लिनचा सगळ्यात मोठा ठेवा कारखान्याबाहेर आहे, तो म्हणजे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या मुलांनी कोणते रंग घ्यायचे, हे बहुतेक ठिकाणी तेच सांगतात. कंपनीनं त्यांच्याशी अनेक वर्षं नातं जोडलं. अखिल भारतीय कॅमल रंगस्पर्धा शाळाशाळांतून भरवली आणि तिची गिनीज बुकात नोंद होईल इतकी मुलं तिच्यात रंगली. तालुक्याच्या शाळेतल्या मुलाचं चित्र मुंबईच्या मुलाच्या चित्राशेजारी ठेवून तपासलं जाणं, याची किंमत ताळेबंदात मांडता येत नाही. नव्या मालकांनी ही स्पर्धा सुरू ठेवली हे मला उंटाच्या चिन्हापेक्षाही जास्त महत्त्वाचं वाटतं.

जुलै 2024 मध्ये सुभाष दांडेकर गेले. त्या दिवसांत लोकांनी आठवणी काढल्या त्या बहुतेक वस्तूंच्या: बिजागरीची पत्र्याची कंपासपेटी, तिच्यातलं टोकदार कर्कटक, अर्धवर्तुळाकार कोनमापक, पोस्टर कलरच्या बुटक्या बाटल्या, त्यांची घट्ट बसलेली झाकणं. शाईची बाटली आज फार थोडे घेतात. शाळांच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास आक्रसतो आहे, कित्येक शाळांत त्या शिक्षकाची जागा रिकामीच आहे. पुढची दहा वर्षं कोकुयोचं लक्ष तिथे हवं. खेड्यातल्या शाळांत स्पर्धा पोचवायची, शिक्षकांसाठी कार्यशाळा घ्यायच्या, आणि पहिल्यांदा ब्रश धरणाऱ्या मुलाला परवडेल अशी बारा रंगांची पेटी दुकानात कायम मिळत राहील हे पाहायचं.