मूत्रपिंडारोपणानंतरचा समाचार

मांडवीकाठच्या आमोण्यात काय किंवा डिचोली तालुक्यातील अन्य कोणत्याही गावात काय, रुग्णालयातून माणूस घरी परतला की समाचारास येणाऱ्यांनी ओसरी भरून जाते. या आपुलकीविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्याच्या देहात दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले आहे, त्याच्या घरी काही महिने तरी ही रीत आवरती घ्यावी, असे आम्हांस वाटते.

शरीर परका अवयव ओळखते व त्यावर तुटून पडते. त्यास आवरण्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे, ते मूत्रपिंड चालू आहे तोवर, घ्यावीच लागतात. १९५४ साली बोस्टनला झालेले पहिले यशस्वी आरोपण एकसारख्या जुळ्या भावांमधील होते, म्हणून तेथे हा झगडा उद्भवला नाही. भारतातील पहिले यशस्वी आरोपण वेल्लोरला १९७१ साली झाले. आज बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही ही शस्त्रक्रिया होते.

पहारा सैल झाला की बाहेरचे विषाणू शिरतात हे खरे, पण मोठे भय आतल्यांचे. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात बालपणापासून निमूट पडून असतो. आरोपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत तो उसळला तर ताप, जुलाब, धाप असे काहीही होऊ शकते. त्यावर प्रतिबंधक गोळ्या आहेत, पण त्या महाग; ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या मध्येच सोडण्याचा मोह घराघरांतून होतो. बीके विषाणू तर अधिकच कावेबाज. १९७१ साली लंडनमध्ये आरोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडला व त्या रुग्णाचीच आद्याक्षरे त्यास मिळाली. बहुधा ना ताप, ना वेदना. मुकाट्याने मूत्रपिंडच पोखरतो. रक्ताच्या नियमित तपासणीवाचून तो कळत नाही. तो आढळल्यास दडपणारी औषधे कमी करावी लागतात. फार कमी केली तर शरीर मूत्रपिंडावर उलटते. ही मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची.

घरातील मुलास कांजिण्या आल्यास ‘देवी आली’ म्हणून गप्प बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. रुग्णाच्या अंगावर नागीण उठली तर गावठी लेपात वेळ दवडू नये. नातवाला पोलिओचे थेंब पाजण्यापूर्वीही विचारून घ्यावे, कारण त्यांत जिवंत विषाणू असतो.

बेताळाच्या उत्सवाची गर्दी त्या वर्षी रुग्णास चुकली तरी चालेल. नारळ घरच्यांनी ठेवून यावा. आणि समाचारास आलेल्या ज्याला सर्दी असेल त्याने अंगणातूनच विचारपूस करावी. घरच्यांनी त्यास आत बोलावले नाही, तर राग मानू नये.