पुडीवरचा कर कोणाच्या कामी यावा?

मनमाडच्या एखाद्या शिक्षकाचे पगारपत्रक पाहा. कपातीच्या रकान्यात 'व्यवसाय कर' अशी नोंद असते. बहुतेकांचे दरमहा २०० रुपये त्यात जातात. हा कर का बसवला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून राज्याने १९७५ साली कायदा करून हा कर लागू केला. पगारदाराने कर द्यायचा आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम मिळायचे, असा तो व्यवहार होता. मनमाड-नांदगावच्या कोरड्या भागाला दुष्काळी कामांचे मोल वेगळे सांगायला नको.

म्हणजे 'अमुक कर अमुक कामासाठी' ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मग एक प्रश्न सहज मनात येतो. स्टेशनबाहेरच्या टपरीवर विकल्या जाणाऱ्या तंबाखूवर सरकार कर घेते. हा पैसा तंबाखूचे रोग टाळण्यासाठीच का राखून ठेवू नये?

रोग किती, खर्च किती

२०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते, तर तंबाखू चघळणारे किंवा मिश्री लावणारे २४.४ टक्के. मनमाडसारख्या गावात रेल्वेचा कारखाना आहे, धान्याची मोठी गोदामे आहेत, दिवसभर ओझी वाहणारी माणसे आहेत. थकवा आणि भूक मारण्यासाठी तळहातावर मळलेली तंबाखू तेथे नेहमी दिसते.

तंबाखूत चुना का मिसळतात? निकोटिन हे अल्कली स्वरूपाचे द्रव्य आहे. चुन्यामुळे तोंडातील माध्यम अल्कधर्मी होते. अशा माध्यमात निकोटिनचे रेणू विद्युतभाररहित राहतात आणि गालाच्या आतील पातळ त्वचेतून चटकन रक्तात उतरतात. सवय जडते ती यामुळे. कर्करोग मात्र मुख्यतः तंबाखूतील नायट्रोसामाइन या गटातील द्रव्यांमुळे होतो. ती पेशींतील डीएनएला इजा करतात. इजा साचत जाते आणि रोग कित्येक वर्षांनी दिसतो. हा 'कित्येक वर्षांनी' लक्षात ठेवू या, पुढे त्याचा उपयोग आहे.

तंबाखूजन्य आजार आणि मृत्यू यांमुळे २०१७-१८ या वर्षी देशाचे सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. ही रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास एक टक्का भरते. त्या वर्षी तंबाखूवरील अबकारीतून सरकारला मिळालेली रक्कम याच्या मानाने फारच थोडी होती.

फळ्यावरचे गणित

'कर वाढवला तर खप घटेल, मग सरकारचेच उत्पन्न बुडेल,' असे नेहमी म्हटले जाते. वर्गात हे तपासून पाहता येईल. समजा, पुडीची किंमत १० रुपये आहे, त्यात ४ रुपये कर आहे आणि १०० पुड्या खपतात. कराचे उत्पन्न झाले ४०० रुपये. आता कर १ रुपयाने वाढवला. किंमत ११ रुपये झाली, म्हणजे १० टक्के वाढ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आपल्यासारख्या देशांत किंमत १० टक्क्यांनी वाढली की खप सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. म्हणून ९५ पुड्या खपतील. कराचे उत्पन्न ९५ गुणिले ५, म्हणजे ४७५ रुपये.

खप घटला आणि उत्पन्न ७५ रुपयांनी वाढले! किंमत वाढल्यावर सर्वांत आधी हात आखडतो तो खिशात थोडे पैसे असणाऱ्याचा, म्हणजे मुलांचा. म्हणून कर हा स्वतःच एक प्रतिबंधक उपाय आहे. त्याचा पैसा कोठेही गेला तरी हा परिणाम होतोच. मात्र बंदी असलेला माल चोरून विकला जातो तेव्हा कर मिळत नाही. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे. तेथे अंमलबजावणी हाच उपाय उरतो.

ते ७५ रुपये

आता त्या वाढीव ७५ रुपयांचे काय करायचे? ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९८७ साली तंबाखूवरील करातून आरोग्यसंवर्धनाची संस्था उभारली. खेळांच्या सामन्यांना सिगारेट कंपन्या पैसे देत, त्यांची जागा या संस्थेने घेतली. थायलंडने २००१मध्ये तंबाखू व दारूवरील अबकारीवर २ टक्के अधिभार लावून असाच निधी सुरू केला.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हे विड्यांचे जुने केंद्र. अशा ठिकाणच्या विडी कामगारांसाठी १९७६च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवला गेला. त्यातून त्यांचे दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांना पैसा मिळे. २००५च्या अर्थसंकल्पात सिगारेट, गुटखा यांवरील कर वाढवून ते वाढीव उत्पन्न राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाला देण्याचे ठरले. वस्तीवर येणारी आशाताई ही याच अभियानाची देणगी. पुढे २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि विड्यांवरील उपकर रद्द झाला. तंबाखूवर नवा उपकर आला खरा, पण तो राज्यांची महसुली तूट भरून काढण्यासाठी होता. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने पान मसाल्याच्या उत्पादनावर आरोग्य आणि राष्ट्रीय सुरक्षा या दोन कारणांसाठी उपकर मंजूर केला. फेब्रुवारी २०२६पासून सिगारेट व चघळण्याच्या तंबाखूवर वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. विडीवर मात्र तो २८ वरून १८ टक्के झाला. गरिबाची विडी स्वस्त ठेवण्यात कामगाराच्या रोजगाराचा विचार असतो, पण ओढणाऱ्याची फुप्फुसे कर पाहून धूर घेत नाहीत.

निधी आटला तर?

या कल्पनेत एक पेच आहे. समजा, पुढे आपल्याला यश आले आणि १०० ऐवजी ५० पुड्याच खपू लागल्या. उत्पन्न २५० रुपयांवर येईल. पण रुग्ण निम्मे होतील का? लगेच नाही. आज रुग्णालयात येणारा माणूस वीस-तीस वर्षांपूर्वीच्या सवयीचे फळ भोगत असतो. म्हणजे रुग्ण कमी होण्याआधीच निधी आटेल.

म्हणून आम्हांला असे वाटते की रुग्णालयाचा खर्च सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतूनच व्हावा. तंबाखूचा राखीव पैसा प्रतिबंधावर लागावा: तोंडाची तपासणी, सवय सोडवणारी केंद्रे, शाळांतील काम आणि विडी कामगारांना दुसरा धंदा शिकवणे. खप घटेल तशी यांतील बरीच कामेही कमी लागतील. शिवाय दरवर्षी किती जमले आणि किती खर्चले याचा हिशेब जाहीर व्हायला हवा. कर घेताना दिलेले वचन कायद्यात लिहिले नाही, तर ते पुढच्या अर्थसंकल्पात सहज विरून जाते.

शिक्षकांना यातून एक उपक्रम घेता येईल. २००३च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. विद्यार्थ्यांना टपरीवर न पाठवता शिक्षकांनीच फाटकापासून टेपने हे अंतर मोजावे. मग वर्गात हिशेब करावा: रोज २० रुपयांची तंबाखू खाणारा माणूस वर्षाला ७,३०० रुपये घालवतो. त्यातले कराचे किती, ते कोठे जातात आणि कोठे जायला हवेत, हे मुलांनाच विचारावे. नागरिकशास्त्र, गणित आणि विज्ञान या तिन्ही विषयांचा तो एकच तास होईल.