हिशेबाबाहेर राहिलेले वासरू

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, इबादान शहरी, बोडिजा नावाचा मोठा कत्तलखाना होता. उत्तरेच्या रुक्ष मुलुखातून शेकडो कोस प्रवास करून आलेली गुरे तेथे कापली जात, आणि त्यांत गाभण गाईही असत, हे तेथील पशुवैद्यांनी आपल्या पाहण्यांत पुनःपुन्हा नमूद केले आहे.

अशी गाय विकणाऱ्या फुलानी जमातीच्या गुराख्याला निर्दय ठरविणे अन्यायाचे होईल. कळपात वळू बारमाही मोकळा फिरत असल्यामुळे कोणती गाय केव्हा फळली याची तारीख त्याच्यापाशी नसते. पावसाळा सरून कुरणे करपली, पाणवठे आटले आणि घरात धान्य उरले नाही म्हणजे जे जनावर अंगाने भरलेले दिसते तेच चांगल्या किमतीला जाते. आणि सौदा काट्यावर न होता बहुधा नजरेच्या अंदाजाने होत असल्यामुळे पोटातल्या गर्भाचा भारही मांसाच्या भावाने मोजला जातो. खाटकाला ही फसगत पोट चिरल्यावर कळते.

परंतु खाटकाचा तोटा किरकोळच म्हटला पाहिजे. गाईची गर्भावस्था सुमारे 280 दिवसांची; त्यांतल्या सरलेल्या दिवसांचे चारापाणी वाया गेले आणि एक वासरू गेले, एवढ्यावर हिशेब संपत नाही. अशा गर्भांपैकी सुमारे निम्म्या कालवडी असणार. त्यांतली प्रत्येक चारेक वर्षांची होऊन व्याली असती, आणि तिची पुढची वेते, तिचे दूध, त्या दुधाचे ‘नोनो’ नावाचे आंबट पेय करून बाजारात विकणाऱ्या फुलानी स्त्रीच्या हाती पडणारा पैसा, हे सारे त्या एका सौद्यात बुडते. दुधाची भुकटी परदेशांतून मोठ्या प्रमाणावर आणावी लागणाऱ्या देशाला ही नासाडी खचित परवडणारी नाही.

मनाईचा हुकूम काढणे सोपे असते; आपल्याकडेही 2001 च्या केंद्रीय नियमांनी गाभण जनावराच्या कत्तलीस बंदी केलेली आहे. जाणत्या पशुवैद्याला दोन-तीन महिन्यांचा गर्भ यंत्रावाचून, केवळ हाताने तपासून ओळखता येतो. तथापि कत्तलखान्याच्या दारात केलेली तपासणी उशिराची ठरते, कारण ज्याचे पैसे अडकून पडले तो खाटीक परवाना नसलेल्या जागेचा रस्ता धरतो. म्हणून ही तपासणी उत्तरेच्या गुरांच्या बाजारातच, सौदा ठरण्यापूर्वी, व्हावयास हवी, आणि ज्याची गाय गाभण निघेल त्या गुराख्याला ती परत नेता यावी एवढा चारा आणि अल्प व्याजाची तगाई त्याच ठिकाणी मिळावयास हवी. एरवी पुढच्या आठवड्यात तो तीच गाय दुसऱ्या बाजारात उभी करील.