टाळेबंदीतील शेतकरी अर्थसाहाय्य : पुणे परिसराच्या संदर्भात विवेचन

प्रस्तावना :
९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिल्या कोरोनाबाधित रुग्णांची नोंद झाली आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. शेतीकामांना लवकरच सूट मिळाली. तथापि उपाहारगृहे, मंगल कार्यालये व मंदिरे बंद असल्याने शेतमालाची मागणी ओसरली. गुलटेकडी येथील बाजार आवाराचे व्यवहारही एप्रिल-मे महिन्यांत दीर्घकाळ बंद वा मर्यादित राहिले. या काळात शासनाने शेतकऱ्याला दिलेल्या थेट साहाय्याचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साहाय्याचे स्वरूप :
२६ मार्च २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १.७० लाख कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीनुसार 'पीएम-किसान' योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलच्या आरंभीच देण्याचे ठरले. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबास वर्षाकाठी ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. एप्रिल ते जुलै या कालखंडाचा हप्ता मुळातच देय होता; तो केवळ आधी देण्यात आला. म्हणजेच साहाय्याची वेळ बदलली, रक्कम नव्हे.

गुण व मर्यादा :
१) लाभार्थ्यांची यादी व बँक खाती आधीच उपलब्ध असल्याने नवा अर्ज वा पंचनामा न करता रक्कम खात्यात जमा करता आली. आपत्तीत या शीघ्रतेचे मोल मोठे आहे.
२) रकमेचा नुकसानीशी संबंध नव्हता. मावळातील हरितगृहात गुलाब पिकवणारा आणि कोरडवाहू ज्वारी घेणारा, दोघांनाही २,००० रुपयेच. याउलट अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केलेल्या १९ अब्ज डॉलरच्या कार्यक्रमात १६ अब्ज डॉलर उत्पादकांच्या प्रत्यक्ष नुकसानीच्या आधारे देण्याची तरतूद होती.
३) पात्रतेचा आधार जमिनीची मालकी हा आहे. परिणामी खंडाने वा बटाईने जमीन कसणारे, शेतमजूर आणि सातबारावर नाव नसलेल्या शेतकरी स्त्रिया स्वतंत्र लाभार्थी ठरत नाहीत. पीक बुडाल्याची झळ कसणाऱ्याला आणि हप्ता मालकाला, अशी विसंगती यातून निर्माण होते.

राज्याचा निराळा मार्ग :
महाराष्ट्र शासनाने प्रतिदिन १० लाख लिटर अतिरिक्त दूध २५ रुपये प्रतिलिटर दराने खरेदी करून त्याची भुकटी करण्याचा निर्णय घेतला. येथे साहाय्य मालकीशी नव्हे, तर न खपलेल्या मालाशी जोडलेले होते. मात्र असा उपाय साठवणयोग्य रूपांतर होऊ शकणाऱ्या मालालाच लागू पडतो. फुलांना तो लागू पडत नाही.

निष्कर्ष :
तयार यादीमुळे साहाय्य जलद पोहोचते, परंतु यादीत नसलेला मनुष्य तितक्याच जलद वगळला जातो. राज्याने २०२३ मध्ये सुरू केलेली 'नमो शेतकरी महासन्मान निधी' योजना वार्षिक ६,००० रुपयांची भर घालते. तथापि तिचा आधारही पीएम-किसानची यादीच आहे. २०२१ पासून राज्यभर राबविली जाणारी ई-पीक पाहणी गटनिहाय पिकाची नोंद करते. या नोंदीत प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नावही समाविष्ट झाल्यास, पुढील आपत्तीत साहाय्य नुकसान सोसणाऱ्याच्या हाती पडण्याची शक्यता वाढेल.