गुणाकारातलं नशीब (लेखांक ८)

निफाड तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न या लेखमालेच्या मुळालाच हात घालतो.

पत्रासोबत दोन हिशोबपट्ट्यांच्या झेरॉक्स आहेत. दोघे चुलतभाऊ, बांधाला बांध, रोपंही एकाच वाफ्यातली. थोरल्याचा लाल कांदा ६ डिसेंबर २०२३ला विकला गेला. धाकट्याला काढणीला मजूर उशिरा मिळाले. त्याची ट्रॉली पुढच्या आठवड्यात बाजारात लागली. मध्ये, ७ तारखेला, केंद्र सरकारने निर्यातबंदीची अधिसूचना काढली होती. दुसऱ्या दिवशी नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव कोसळलेले होते. वाचक विचारतात, ‘थोरल्याच्या पैशात कष्ट किती टक्के आणि नशीब किती टक्के?’

पट्टीवर दोन रकाने महत्त्वाचे : वजन आणि भाव. वजनामागे खुरपणी आहे, करप्यावरची फवारणी आहे, रात्रीची वीज येईल तेव्हा उठून दिलेलं पाणी आहे. भाव शेतकऱ्याच्या हातात नाही. हाती येणारा पैसा हा या दोन रकान्यांचा गुणाकार. बेरीज असती तर वाटे वेगळे काढता आले असते. गुणाकारात ते निघत नाहीत. म्हणून टक्क्यांचा हा प्रश्न सुटणारच नाही.

समजा, कुणी जास्त राबून एकरी ८० क्विंटलऐवजी १०० क्विंटल काढले. भाव ३,००० असेल तर त्या वाढीव २० क्विंटलचे ६०,००० होतात, १,५०० असेल तर ३०,०००. खुरपणी तीच, औषध तेच, जागरणं तीच. जादा कष्टाची मजुरी किती, हेसुद्धा भावानेच ठरवलं.

आणि भाव शून्याकडे गेला की? फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा किलोला एक रुपयाने गेला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता उरले २ रुपये ४९ पैसे. धनादेश आला २ रुपयांचा. वजनाचा रकाना भरलेला होता, त्यामागचे महिनेही खरे होते. त्याच हंगामात अनेकांनी उभ्या कांद्यात रोटाव्हेटर फिरवला. लोकांना तो संताप वाटला, पण त्यात हिशोबही होता. काढणीची मजुरी आणि गाडीभाडं निघणार नसेल तर पीक शेतातच गाडणं कमी तोट्याचं.

‘थांबायचं होतं, भाव चढल्यावर विकायचा,’ असं शहरात सहज म्हटलं जातं. लाल कांद्यात पाणी जास्त, तो फार दिवस टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, तरी त्यातही सड आणि वजनातली घट आहेच. धाकट्या भावाकडे थांबण्याचा पर्यायच नव्हता.

पत्रातल्या एका शब्दाला मात्र माझी ठाम हरकत आहे. २६ नोव्हेंबरला निफाड परिसरात गारपीट झाली, तिला नशीब म्हणा. ७ डिसेंबरची अधिसूचना आभाळातून पडलेली नाही. शहरातला कांदा स्वस्त राहावा म्हणून दिल्लीत माणसांनी घेतलेला तो निर्णय होता. धाकट्याला त्याचा अंदाज येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्यापुरता तो गारपिटीसारखाच. आपण मात्र त्याला नशीब म्हटलं की ज्यांनी तो घेतला त्यांना जाब विचारायचा राहून जातो. निर्यात खुली झाली ती ४ मे २०२४ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. तोवर त्या हंगामातला लाल कांदा संपलेला होता.

चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याच्या पट्ट्या कुणाकडे असतील तर जरूर पाठवा. भरलेलं वजन, सड आणि विक्रीची तारीख वेगवेगळी लिहा; थांबण्याची खरी किंमत त्यातूनच काढता येईल.