घरची खोबऱ्याची चटणी : करावी कशी, टिकवावी कशी



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळी चटणीविषयी लिहीत आहोत. वाचून काही मंडळी हसतील. पण तसे कारण घडले, ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आडसाली लागणीच्या नोंदी घेत आम्ही एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. पाऊस लागला म्हणून सोप्यात बसलो. आत काकू खोबऱ्याच्या वाट्या किसत होत्या. त्यातल्या दोन वाट्यांना आतल्या अंगाने हिरवट-पिवळी बुरशी आलेली आम्हाला दिसली. काकूंनी ती फडक्याने पुसली आणि वाटी पुन्हा किसणीवर धरली. आम्ही म्हटले, "काकू, ती वाटी टाका." त्या म्हणाल्या, "साहेब, उसातलं तुम्हाला कळतं, चुलीपुढचं आम्हाला. भाजल्यावर कसली बुरशी राहतीया? आन् खोबऱ्याचा भाव ठावं हाय का तुमास्नी?" शेजारी त्यांची चार वर्षांची नात हातात भाकरीचा तुकडा घेऊन चटणीची वाट बघत बसली होती.

टाका, एवढेच आम्ही सांगितले. का टाकावी, ते चार सोप्या शब्दांत सांगता आले नाही. पाऊस थांबला आणि आम्ही उठून आलो. ते उत्तर आमच्याकडे बाकी राहिले होते, ते आज देतो आहोत. त्याच्या जोडीला चटणीही नीट सांगतो. कारण आपल्या भागात पाण्याच्या पाळीला रात्री रानात जाणाऱ्याच्या फडक्यात भाकरीबरोबर हीच चटणी असते, आणि तोडणीच्या फडातही हीच असते.

बुरशी भाजून का जात नाही?

बेण्याची कांडी एका टोकाला काळी पडली तर आपण तेवढेच टोक छाटून बाकीची लावतो का? नाही. रोग दिसतो एका टोकाला, पण आत तो पुढे गेलेला असतो, हे आपल्याला माहीत आहे. खोबऱ्याचेही तसेच आहे. वर दिसते ती बुरशीची भुकटी. तिचे तंतू वाटीच्या आत शिरलेले असतात. फडक्याने पुसून फक्त भुकटी जाते.

दुसरी गोष्ट अशी की, खोबरे, शेंगदाणे, मका आणि मिरची यांवर येणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. भाजल्याने बुरशी मरते, पण तिने आधी सोडलेले विष पूर्णपणे नष्ट होत नाही. त्याला वास नसतो, चवही नसते. हे विष मुख्यतः यकृतावर परिणाम करते. थोडे थोडे, पण वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एकदम जास्त गेले तर काय होते, ते आपल्या देशाने १९७४ साली पाहिले. त्या वर्षी राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागांत पावसात भिजून बुरशी आलेला मका खाण्यात आला. शेकडो माणसांना कावीळ झाली आणि शंभराहून अधिक दगावली. तो मकाही भाजून-शिजवूनच खाल्लेला होता.

वाटी हिरवी-पिवळी किंवा काळी पडलेली असेल तर ती पूर्ण टाकावी. जनावरांपुढेही टाकू नये. दुभत्या जनावराच्या पोटात हे विष गेले तर त्याचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध पुन्हा आपल्याच घरात येते.

खोबरे कसे निवडावे?

ओल्या नारळाच्या गरात जवळजवळ निम्मे पाणी असते. नीट वाळलेल्या खोबऱ्यात ते शेकडा सहाच्या आसपास उरते, आणि म्हणूनच खोबरे टिकते. विकत घेताना तीन गोष्टी बघाव्यात :

१. वाटी मोडून बघावी. कट्‌ आवाज होऊन मोडली तर वाळलेली. वाकली, चिवट लागली तर ओल आहे असे समजावे.

२. आतला भाग आणि मोडलेली कड उजेडात धरून बघावी. डाग असेल तर घेऊ नये.

३. तुकडा चावून बघावा. गोडसर लागला तर चांगला. साबणासारखी चव आली तर खोबरे खवट झाले आहे. ओल लागली की खोबऱ्यातल्या तेलाचे विघटन होते, त्याची ही चव असते.

फार पांढरेशुभ्र खोबरे पाहून भुलू नये. बुरशी येऊ नये आणि रंग उठावा म्हणून खोबऱ्याला गंधकाची धुरी देण्याची पद्धत व्यापारात आहे. थोडासा तपकिरी रंग हा काही दोष नव्हे.

ज्यांच्या विहिरीवर किंवा बांधावर नारळाची झाडे आहेत, त्यांनी घरचे खोबरे करायला हरकत नाही. अकरा-बारा महिन्यांचा पक्का नारळ घ्यावा, फोडून पाणी काढावे आणि वाट्या उताण्या ठेवून सहा ते आठ दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. रात्री दव लागू नये म्हणून झाकून ठेवाव्यात किंवा घरात घ्याव्यात. हे काम फेब्रुवारी ते मे या महिन्यांतच करावे. ढगाळ हवेत वाळणे रेंगाळते आणि तेवढ्यात बुरशी आपला डाव साधते.

साहित्य

पाव किलो सुके खोबरे, सोललेला लसूण ५० ग्रॅम (मध्यम आकाराच्या दोन गड्ड्या), लाल तिखट २० ते २५ ग्रॅम, मीठ सुमारे १२ ग्रॅम (दोन चहाचे चमचे), जिरे एक चहाचा चमचा. आवड असल्यास दोन मोठे चमचे तीळ. एवढ्यात तीनशे ग्रॅमांच्या वर चटणीचा उतारा पडतो.

तिखटाविषयी थोडे सांगतो. ब्याडगी मिरचीने रंग चांगला येतो, तिखटपणा बेताचा असतो. निम्मी ब्याडगी आणि निम्मी लवंगी किंवा संकेश्वरी घेतली की रंग आणि झणका दोन्ही साधतात. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नव्हे. खोबऱ्याच्या तेलात तो मिसळून पसरतो, म्हणून तेवढेच तिखट नुसते खाल्ले तर जीभ भाजते आणि चटणीत सोसते. फार झोंबलेच तर पाणी पिऊन उपयोग नाही, दही किंवा दूध घ्यावे.

कृती

१. वाट्या धुऊ नयेत. कोरड्या फडक्याने पुसून किसाव्यात.

२. लोखंडी कढईत मंद आचेवर कीस पाच-सहा मिनिटे सतत हलवत भाजावा. बदामी रंग यायला लागला की लगेच परातीत काढावा. कढईतच ठेवला तर तापलेल्या लोखंडावर तो करपतो आणि चटणी कडू होते.

३. त्याच कढईत जिरे, तीळ आणि मीठ वेगवेगळे कोरडे भाजून घ्यावे. मीठ भाजायचे कारण एवढेच की ते हवेतली ओल धरून असते.

४. लसूण तेल न घालता तव्यावर भाजावा. पाकळीवर तपकिरी ठिपके पडले आणि ती मऊ होऊन कडेने सुकल्यासारखी दिसली की पुरे.

५. सगळे जिन्नस पूर्ण गार होऊ द्यावेत. निदान अर्धा तास लागतो. येथे घाई करू नये.

६. आधी लसूण, जिरे, मीठ आणि तिखट जाडसर वाटावे. मग खोबरे आणि तीळ घालून खलबत्त्यात कुटावे. मिक्सर असेल तर दोन-तीन सेकंदांचे चार-पाच झटकेच द्यावेत. एकसारखा फिरवला तर भांडे तापते, खोबऱ्याला तेल सुटते आणि चटणीचा गोळा होतो.

७. वाटलेली चटणी पुन्हा पंधरा मिनिटे परातीत पसरावी आणि मगच बरणीत भरावी.

लसूण कच्चा घालायचा की भाजून, यावर घरोघरी वाद आहे. कच्ची पाकळी ठेचली की तिच्यातले दोन घटक एकत्र येतात आणि तो उग्र वास तयार होतो. आधी भाजली तर त्यातला एक घटक निकामी होतो, म्हणून भाजलेला लसूण सौम्य लागतो. चव ज्याची त्याची. पण लसणात निम्म्याहून जास्त पाणी असते, हे विसरू नये. कच्च्या लसणाची चटणी चार-पाच दिवसांतच संपवावी.

सगळे पाण्यावर आहे

चटणी बिघडते ती पाण्याने. नोकरीच्या पहिल्या हंगामात आम्ही गट कार्यालयाजवळ खोली घेऊन राहत होतो. एकदा स्वतः चटणी केली आणि गरम असतानाच प्लॅस्टिकच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावले. वाफ झाकणाला लागली आणि पाणी होऊन परत चटणीत पडली. आठव्या दिवशी वर पांढरा थर आला. आम्ही शेतकीचा डिप्लोमा घेतलेला माणूस! तरी थर चमच्याने काढला आणि खालची चटणी खाल्ली. दोन दिवस पोटाने उठवले नाही. तेव्हा वस्तीवरच्या काकूंना आम्ही काही वरून उपदेश करीत नाही. तीच चूक आम्हीही केलेली आहे.

बरणी काचेची किंवा चिनीमातीची, धुऊन उन्हात वाळवलेली असावी. चमचा कोरडा असावा. हात घालू नये. भाजलेल्या लसणाची चटणी उन्हाळ्या-हिवाळ्यात तीन-चार आठवडे चांगली राहते. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतीच करावी, किंवा फ्रिजमध्ये ठेवावी. थंडीत चटणीचे खडे झाले तर घाबरू नये. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, त्याचा हा परिणाम. बोटाने चुरडली की मोकळी होते.

आम्ही साखर कारखान्याची माणसे, तरी सांगतो की टिकवायच्या चटणीत गूळ घालू नये. गूळ हवेतले पाणी ओढतो. पावसाळ्यात ढेपेला पाझर फुटतो, तो आपण पाहतोच. गोडसर आवडत असेल तर ताटात घेताना कालवावा.

आणखी एक सूचना. लसणाचा ओला ठेचा करून त्यावर तेल ओतून तो बाहेर आठवडाभर ठेवण्याची सवय काही घरांत आहे, ती सोडावी. तेलाखाली हवा पोचत नाही. तशा जागी वाढणारे जंतू फार घातक विष करतात. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात बाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळेच कित्येक लोकांना विषबाधा झाली होती. ओला ठेचा फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. ओल्या नारळाची चटणी तर त्याच दिवशी संपवावी.

लसूण आपल्याच उसात

आता आमच्या खात्याचे काम. पूर्वहंगामी उसाची लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात होते, आणि लसूण लावायची वेळही तीच. ऊस पहिले तीन-चार महिने हळू वाढतो, तेवढ्यात लसूण निघूनही जातो. पट्टा पद्धतीच्या मोकळ्या जागेत दोन-चार गुंठे लसूण लावला तरी घरची वर्षाची गरज भागते. गोदावरी आणि श्वेता या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आहेत. एकच पथ्य पाळावे. काढणीच्या आधी दोन आठवडे लसणाला पाणी लागू देऊ नये, नाहीतर गड्डे साठवणीत सडतात. उसाचे पाणी तोडायचे नसेल तर लसणाच्या पट्ट्यातली सरी तेवढी बांधून घ्यावी. म्हणजे रानातही पुन्हा पाण्याचाच प्रश्न आला.

भावाचे काय?

काकूंचा दुसरा प्रश्न भावाचा होता, आणि तो खरा आहे. महाग वस्तू टाकवत नाही. पण वाट्यांना बुरशी आली ती दुकानात नव्हे, घरात. दिवाळीला स्वस्त मिळाले म्हणून दोन किलो खोबरे घेतले आणि पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले, ते पावसाळ्यात ओल धरणारच. त्यापेक्षा महिन्याला लागेल तेवढेच घ्यावे. जास्त घ्यायचेच असेल तर मृगापूर्वी दोन कडक उन्हे द्यावीत आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे. मग टाकायची वेळच येत नाही.

हा मजकूर आम्ही छापायला देण्याआधी त्या वस्तीवर जाऊन काकूंना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "हे त्या दिशी सांगितलं असतं तर मी वाटी टाकली नसती का?" बोलणे खरे होते. आम्ही मान खाली घातली. जाताना त्यांनी डबा उघडून दाखवला. आत पाव किलोच खोबरे होते, मोडून बघितलेले.

सभासद बंधूंनी हा लेख वाचून घरी कपाटात ठेवू नये, स्वयंपाकघरात वाचून दाखवावा. आणि वाटी मोडून बघायचे काम बाजारात जाणाऱ्याने स्वतः करावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते