दोरावरची दहा माणसं

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या फॅल्मथ बंदरात २००३पासून जूनमध्ये शँटींचा, म्हणजे शिडाच्या जहाजांवरच्या श्रमगीतांचा, महोत्सव भरतो. २०२१मध्ये एका स्कॉटिश पोस्टमनचं ‘वेलरमन’ फोनाफोनांतून घुमलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं : ओढायला दोर नसताना ही गाणी लोक गातात तरी कशाला? (खरं तर ‘वेलरमन’ शँटी नव्हेच, न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरच्या व्हेलच्या शिकारीचं ते गीत.) मग महोत्सवात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. मोफत कार्यक्रमांच्या गर्दीत आरएनएलआय या सागरी बचाव संस्थेसाठी बादली फिरवणं, एवढंच काम.

जोडीला एक म्हातारबुवा होते. व्यापारी जहाजांवर उमेदीची वर्षं घालवलेले, बोटं जाडजूड आणि जरा वाकडीच राहिलेली. धक्क्यावर कुणीतरी जुन्या पद्धतीचा डांबर लावलेला तागाचा दोर मांडला होता. त्याचा धुरकट, कडवट वास बिअर आणि पेस्टी या तिथल्या भरल्या करंजीच्या वासातूनही वर यायचा. येताजाता म्हातारबुवा तो दोर हातात घ्यायचे, न बोलता ठेवून द्यायचे. एकदा म्हणाले, “आमच्यात म्हण होती. चांगलं गाणं म्हणजे दोरावर दहा माणसं.”

मग त्यांनी मला तो धरायला लावला. शीड वर चढवतानाच्या शँटीत म्होरक्या एक ओळ गातो, तेवढ्यात बाकीचे पकड बदलतात, दम घेतात. मग सगळ्यांचं धृपद, आणि त्यातल्या ठरलेल्या आघातांवरच हिसका. मी आघाताच्या आधी ओढलं तर दोर जागचा हलला नाही, आघातावर ओढलं तर सरसर आला. मालवणला रापणीचं जाळं ओढताना आरोळी देतात त्यातलाच हिशेब. नांगर उचलायला कॅपस्टनभोवती, म्हणजे उभ्या रहाटाभोवती, गोल फिरायचं असे, तिथं हिसक्यांची गाणी उपयोगाची नसत. लांब धृपदांची, चालीच्या ठेक्यातली लागत.

दहा माणसं. हा आकडा दिवसभर डोक्यातून जाईना. ब्रिटिश नौदलात शँटींना मज्जाव होता. तिथं माणसांचा तोटा नव्हता, हुकूम शिट्टीवर चाले. शँटी वाढली व्यापारी जहाजांवर, कारण तिथं मालक मोजकेच खलाशी ठेवायचे. म्हणजे गाण्यानं दहा माणसांचं काम केलं, तर त्या दहांचा पगार वाचला कुणाचा? यातल्या कितीतरी गाण्यांचं मूळ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांत जहाजात कापसाच्या गठड्या ठासणाऱ्या काळ्या हमालांत आणि कॅरिबियन बेटांत आहे. मंचावर त्याचा उल्लेख क्वचितच झाला. टाळ्या मात्र सढळ होत्या.

वाफेची जहाजं आली आणि शँटीचं काम संपलं. आपल्या रत्नागिरीकडची माणसं याच काळात लस्कर, म्हणजे आशियाई खलाशी, म्हणून ब्रिटिश आगबोटींवर मोठ्या संख्येनं चढली. पगार गोऱ्या खलाशाच्या मानानं अगदी तोकडा. लस्करांतले कित्येकजण जहाजाच्या पोटात भट्टीत कोळसा टाकत. त्यांच्यासाठी महोत्सव भरत असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

हे मी म्हातारबुवांना सांगितलं. ते म्हणाले, “पोरी, गाणं मालकाच्या फायद्याचं होतं हे खरं. पण ते नसतं तरी दोर आम्हालाच ओढायचा होता.” यावर मला उत्तर सुचलं नाही. समोरच्या पबमधून शंभरेक गळे एकदम धृपदावर आले आणि माझी टाच आघातावर आपटली, हेही खरं.

बादलीपाशी मात्र माझा संशय गळतो. आरएनएलआय १८२४मध्ये स्थापन झाली. तिच्या नौकांवर जाणारे बहुतेक जण आजही स्वयंसेवक आहेत. १९ डिसेंबर १९८१ला याच कॉर्नवॉलमधल्या माउसहोल गावचे आठ स्वयंसेवक ‘सॉलोमन ब्राऊन’ ही बचावनौका घेऊन वादळात ‘युनियन स्टार’ या जहाजाच्या मदतीला गेले. आठांपैकी एकही परतला नाही. त्या जहाजावरचे आठही गेले. यात कुणा मालकाचा पगार वाचत नव्हता.

फॅल्मथला गेलात तर बहुतेक गाण्यांना तिकीट लागणार नाही. बादली समोर आली की चिल्लर शोधू नका, नोट टाका.